‘नून’: नववा तास बारा वाजता कसा?

इंग्रजीतील ‘नून’ हा शब्द लॅटिनमधील ‘नोना’, म्हणजे ‘नववी’, या शब्दापासून आला असेल, तर त्याचा अर्थ मध्यान्ह कसा झाला, अशी पृच्छा आहे. व्युत्पत्ती बरोबरच आहे. सरकली ती वेळ, आणि ती का सरकली हे मध्ययुगीन ख्रिस्ती मठांच्या भोजनगृहात शोधावे लागते.

रोमन रीतीप्रमाणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा समान भाग केले जात, त्यामुळे इटलीत ऐन उन्हाळ्यातला ‘तास’ आजच्या सुमारे ७५ मिनिटांचा, तर ऐन हिवाळ्यातला जेमतेम ४५ मिनिटांचा भरे. सहावा तास संपला की मध्यान्ह होई. नववा संपला की आपल्या हिशेबाने दिवसाचा तिसरा प्रहर संपे, म्हणजे साधारण तीन वाजत. ६व्या शतकात माँटे कॅसिनो येथे संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यातील दिवसाच्या प्रार्थनांना या तासांचीच नावे होती: प्रीमा, तेर्तिया, सेक्स्ता आणि नोना. जेवणही त्यांनाच बांधलेले होते. ईस्टरनंतरच्या दिवसांत सेक्स्ता झाली की जेवण आणि त्यानंतर वामकुक्षीची मुभा असे (स्पॅनिशमधील ‘सिएस्ता’ ती याच सहाव्या तासाची). १३ सप्टेंबरपासून ईस्टरपूर्व उपासकाळ सुरू होईपर्यंत मात्र रोज एकभुक्त, आणि तेही नोनानंतर. प्रत्यक्ष उपासकाळात तर वेस्पर ही सायंप्रार्थना होईपर्यंत थांबावे लागे.

हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे दोनच्या सुमारास, उठणाऱ्या माणसाला तिसऱ्या प्रहरापर्यंत उपाशी राहणे जड जाणारच. नियम प्रार्थनेनंतर जेवण्याचा होता, आणि प्रार्थनेची घंटा मठाच्याच हातात होती. संकष्टीचा चंद्रोदय कोणाला अलीकडे ओढता येत नाही. नोना ओढता येत होती. उन्हाळ्यात ती आठव्या तासाच्या मध्यावर, थोडी लवकर, म्हणावी, अशी सवलत खुद्द बेनेडिक्ट यांनीच दिली होती, अर्थात उपाशी पोटांसाठी नव्हे, तर पुढच्या कामासाठी. पुढील शतकांत नोना हळूहळू मध्यान्हीला येऊन टेकली, आणि १४व्या शतकाच्या आरंभी इटालियन कवी दान्ते याने ‘कॉन्व्हिव्हिओ’ या ग्रंथात नोनाची घंटा सातव्या तासाच्या आरंभीच व्हावी, असे लिहिले. उपासकाळातील वेस्परचीही तीच गत झाली: सायंप्रार्थना दुपारच्या जेवणाआधी उरकण्याचा प्रघात पडला, म्हणजे नियमही मोडला नाही आणि जेवणही वेळेवर झाले.

दरम्यान मठांची दिनचर्याही बदलली होती. ९१० मध्ये स्थापन झालेल्या फ्रान्समधील क्लुनीच्या मठात सामूहिक प्रार्थना इतक्या लांबल्या की नियमावलीतील अंगमेहनत जवळजवळ नावापुरती उरली. १०९८ मध्ये सितो येथे उदयाला आलेल्या पंथाने ती पुन्हा आणली, पण शेतीचा मोठा भार तेथेही श्रमबंधूंवर, म्हणजे मुख्यतः अंगमेहनतीसाठी असलेल्या मठवासीयांवर, पडला. नियमावलीत नोनानंतर वेस्परपर्यंत काम सांगितले होते. ते काम बाजूला पडल्यावर नोना तीनच्या सुमारास ठेवण्याचे एक कारण सैल झाले असावे, असे मला वाटते.

आपल्या ‘दुपार’चा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. दोन प्रहर सरले की होणारी ती दुपार, म्हणजे मूळ मध्यान्हच. आज आपण ‘दुपारी तीन वाजता’ असे सहज म्हणतो.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एवढे सांगता येईल की, ११व्या शतकापर्यंतच्या इंग्रजी मजकुरातील ‘नोन’ (‘नून’चे जुने रूप) हा शब्द वेळ दाखवत असेल तर ‘तिसऱ्या प्रहराअखेर’ असे लिहावे, आणि १४व्या शतकानंतर ‘मध्यान्ह’ सहसा बरोबर ठरेल. मधल्या काळात दोन्ही अर्थ चालू असल्याने आगेमागे कोणते काम किंवा जेवण सांगितले आहे, ते पाहूनच ठरवावे.