हेतू, उद्दिष्ट की प्रयोजन?

पुण्यात व्यवस्थापन शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: पुरवठा साखळीवरची टिपणं मराठीत आणताना ‘पर्पज’साठी त्याने ‘हेतू’ लिहिलं, सरांनी ते खोडून ‘उद्दिष्ट’ केलं. बरोबर कोणतं?

माझं मत ‘प्रयोजन’ला.

हेतू मनात असतो. ‘माझा तसा हेतू नव्हता’ असं माणूस म्हणतो. गोदामाला कसला हेतू? शिवाय न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, हेतू म्हणजे अनुमानाचा आधार. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, यातला धूर हा हेतू. उद्दिष्टाचं वेगळं. ते ठरवतात, मोजतात, गाठतात आणि पुढच्या महिन्यात नवं ठरवतात.

प्रयोजनाची व्याख्या न्यायसूत्रांतच आहे: ‘यमर्थमधिकृत्य प्रवर्तते तत् प्रयोजनम्’. ज्या गोष्टीसाठी माणूस कामाला लागतो, ते प्रयोजन. अ‍ॅरिस्टॉटलने चार कारणं सांगितली, त्यांतल्या अंतिम कारणाला त्याचे ग्रीक शब्दही ‘ज्याच्यासाठी ते’ असेच आहेत. इतक्या दूरच्या दोन परंपरा ‘साठी’पाशीच येऊन थांबतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याला मिळणारी पट्टी डोळ्यांसमोर आणा. वर मालाचं वजन आणि दर, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, शेवटी हातात पडणारी रक्कम. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी पोट आहे, कुणाचं तरी उद्दिष्ट आहे. पण टोमॅटो ज्या घरासाठी एवढा फिरला, ते घर पट्टीवर कुठेच नाही. साखळीचं प्रयोजन म्हणजे कड्यांच्या उद्दिष्टांची बेरीज का, हा खरा तात्त्विक प्रश्न इथे उभा राहतो. मला ती बेरीज वाटत नाही. गाडीवाल्याने गाडी पूर्ण भरेपर्यंत थांबून भाडं वाचवलं, गोदामाने जागा वाचवली, खरेदीवाल्याने दर पाडून घेतला. सगळ्यांची उद्दिष्टं पुरी झाली आणि टोमॅटो घरी पोचला तो मऊ पडलेला.

शब्दाचं मूळही साखळीला शोभणारं आहे. ‘युज्’ म्हणजे जोडणे, ‘प्रयुज्’ म्हणजे कामाला लावणे. मराठी व्याकरणातलं ‘प्रयोजक क्रियापद’ याच कुळातलं: करणे, करवणे. आणि आपल्या घरांत ‘कार्यप्रयोजन’ आहेच. मुंज असो की बारसं, वाणी, आचारी, मांडववाला, वाढपी सगळे आपापलं काम करतात, पण कार्य कशाचं आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो अर्थ ‘उद्दिष्ट’मध्ये येत नाही.

म्हणून टिपणात असं लिहावं: ‘पुरवठा साखळीचं प्रयोजन ग्राहकाची गरज भागवणं हे आहे, प्रत्येक टप्प्याची उद्दिष्टं त्यावरून ठरतात.’ सरांचा शब्दही मग दुसऱ्या अर्ध्यात आपल्या जागी बसतो.