काळ्या गाडीवरचे गोल गोल ओरखडे घालवायला कोणतं मशीन आणि कोणतं पॉलिश घ्यावं?

तुमची गाडी काळी, चार वर्षांची. सावलीत बरी दिसते, पण उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे ओरखडे दिसतात. शिवाय मागच्या दारावर किल्लीचा एक लांब ओरखडा आहे. दुकानदार रोटरी मशीन आणि जोरदार कापणारं कंपाउंड (खरखरीत दाण्याचं पॉलिश) घ्या म्हणतो, मित्र ड्युअल अ‍ॅक्शन घ्या म्हणतो. तुमच्या मित्राचं ऐका. मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी घरच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर हे काम करतोय. पहिलंच मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: 15 मिलिमीटर थ्रोचं ड्युअल अ‍ॅक्शन, 5 इंची बॅकिंग प्लेट (मशीनवरची, पॅड चिकटवायची चकती), फोमचे पाच-सहा पॅड आणि मध्यम कापणाऱ्या पॉलिशची एक बाटली.

असं का, ते नीट सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती परत भरून येत नाही. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो कंपनीतून येताना साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो. माणसाचा केस याहून जाड असतो. पॉलिश ओरखडा भरत नाही. ते आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणतं. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये या थराचा थोडा भाग कायमचा जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. त्यामुळे कोणतं मशीन जास्त ताकदीचं, यापेक्षा कमीत कमी घासून काम कशाने होईल, हे बघायचं.

रोटरी एकाच आसाभोवती गरगर फिरतं. सगळी उष्णता एका जागी साठते आणि हात किंचित कलला की पॅडची कड रंगात घुसते. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरतोही आणि छोट्या कक्षेत हेलकावतोही. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, म्हणजे मशीन स्वतःच तुम्हाला आवरतं. थ्रो म्हणजे त्या हेलकाव्याचा व्यास. 8 मिलिमीटरचं मशीन हाताळायला सोपं पण काम हळू, 21 चं मोठ्या सपाट भागावर झपाट्याने चालतं पण आपल्या छोट्या गाड्यांच्या वळणांवर अडखळतं. म्हणून 15. फ्लेक्सच्या 3401 सारखी सक्तीने फिरणारी मशीनंही मिळतात. दाबलं तरी ती थांबत नाहीत, त्यामुळे पहिल्या मशीनसाठी मी ती सुचवत नाही. आणि ग्राइंडरला लोकरी पॅड लावून 'बफिंग' करणाऱ्याच्या हातात गाडी देऊच नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो आणि पॉलिशची रोटरी साधारण 600 ते 3,000 मध्ये चालते.

रोटरीचा धडा मी मामाच्या लाल गाडीवर शिकलो. मशीन ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मागून आणलं होतं. बॉनेटवर मधोमध जी उभी धार येते, तिच्यावर लोकरी पॅड दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळला. पॅड उचलला तर पांढऱ्या लोकरीवर लाल रंग. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर उतरला, याचा अर्थ वरचा थर संपला. मामा काहीच बोलला नाही, पण बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. तेव्हापासून धारा, कडा आणि नंबर प्लेटच्या भोवतालचा भाग मी आधी मास्किंग टेपने झाकतो. बंपरवर तर आणखी जपतो, कारण प्लास्टिकमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही आणि रंग पटकन तापतो.

आता बाटल्या. नवखी माणसं आकड्यांवरून फसतात. मेंझर्नामध्ये आकडा जितका मोठा तितकं पॉलिश बारीक: 400 जोरात कापतं, 3500 शेवटच्या चकाकीसाठी. मेग्वायर्समध्ये 105 कापणारं आणि 205 बारीक. पण दोन्ही कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. वापरण्यातही फरक आहे. मेंझर्नाच्या पॉलिशमधले घासणारे दाणे काम करता करता फुटून बारीक होतात, म्हणून फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. मेग्वायर्सच्या या दोन्हींत दाणा शेवटपर्यंत तसाच राहतो. तिथे हात कधी थांबवायचा ते तुम्ही ठरवता.

खरं तर बाटलीपेक्षा पॅड जास्त बोलतो. एकच पॉलिश मऊ फोमवर चकाकी देतं आणि मायक्रोफायबर पॅडवर जोरात कापतं. पॅडच्या रंगावर विसंबू नका, एका कंपनीचा पिवळा दुसरीच्या पिवळ्यासारखा नसतो. आणि दोन पॅडवर अख्खी गाडी काढायला जाऊ नका. फोम तापतो, पॉलिशने चिंब होतो, मग कापायचंच थांबतो. प्रत्येक भागानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने घासून घ्या. घरी ब्रश नसेल तर मऊ दातांचा टूथब्रशही चालतो.

गाडी धुऊन, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ माती) फिरवून झाल्यावर आधी फक्त एक चौकोन करा, बॉनेटवर दीड-दोन फुटांचा, सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. मशीन चालू करायच्या आधी बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी होण्याइतकी गरगरली तर दाब कमी पडतोय, थांबली तर जास्त होतोय. सेकंदाला इंचभर या चालीने, आधी आडव्या मग उभ्या, चार ते सहा फेऱ्या. नंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं. मग टॉर्च लावा. ऐंशी टक्के ओरखडे गेले असतील तर तिथेच थांबा आणि पॅड आणि पॉलिशची तीच जोडी पूर्ण गाडीवर चालवा. नाही गेले तर आधी पॅड बदला, त्यानेही भागलं नाही तरच बाटली. जपानी गाड्यांचा रंग मऊ, जर्मन गाड्यांचा कडक असं लोक म्हणतात, पण त्यावर पैसे लावू नका. हा चौकोन तुमच्याच गाडीचं उत्तर देतो.

अल्कोहोलचं मी मुद्दाम सांगतोय. एका दुकानातून मी गाडी चकचकीत करून आणली होती. दोन धुण्यांत सगळे ओरखडे परत दिसले. आत भरणारं ग्लेझ होतं, ते वाहून गेलं.

एक गोष्ट मशीनच्याही आधी करा. तुमची गाडी रोज सकाळी कोणी कोरड्या फडक्याने पुसतं का? रात्रभर बसलेली धूळ तशीच घासली की हेच ओरखडे पडतात. पुसणाऱ्याला विनंती करा की धूळ पाण्याने आधी उतरव, दोन बादल्या ठेव (एक साबणाची, एक फडकं खळबळायची), नाहीतर त्या दिवशी राहू दे. बोअरवेलचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे डाग रंगात खड्डे पाडतात.

राहिला दारावरचा किल्लीचा ओरखडा. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर वरच्याच पद्धतीने जाईल. अडकत असेल तर त्याच्या मागे लागू नका, तिथे तेवढा थर शिल्लक नाही. बाकीच्या दाराबरोबर त्यावरूनही हलकी फेरी मारा. ओरखड्याच्या कडा गोलावतात आणि चार पावलांवरून तो निम्माही डोळ्यात भरत नाही.