फायबरचा कनेक्टर कापूस आणि स्पिरिटने पुसला तर चालेल का?

नको. पाऊस सुरू झाल्यापासून म्हापशातल्या ऑफिसातली एसएफपीची (स्विचमध्ये बसवायचं, फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) लिंक सारखी जाते-येते, असं तुम्ही लिहिलंय. कनेक्टर मळला असेल ही शंका रास्त आहे, पण कापसाचे तंतू फेरूलला (कनेक्टरच्या टोकाची, फायबर धरणारी बारीक नळी) चिकटतात आणि मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते सुकलं की डाग उरतो. सिंगल मोड प्रकारच्या फायबरचा, प्रकाश जातो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, तिथे धुळीचा एक कणही पुरतो.

आधी स्विचवर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघून लिहून ठेवा. मग दोन्ही टोकांचे पोर्ट बंद करा. 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा लेझर दिसत नाही, म्हणून काढलेल्या टोकात डोकावायचं नाही.

एसएफपीला बहुतेक एलसी कनेक्टर असतो, त्याला 1.25 मिमीचा क्लिक पेन (कनेक्टर पुसायचं पेनासारखं साधन) लागतो, एससी या मोठ्या कनेक्टरचा 2.5 मिमीचा चालत नाही. पेन सरळ धरायचा, ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचा, झालं. एवढ्याने नाही निघालं तरच लिंट न सोडणाऱ्या वाइपवर 99 टक्के आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थेंब टाका आणि ओल्या भागाकडून कोरड्याकडे एकदाच ओढा. मागे-पुढे घासू नका.

आपल्याकडे सगळेजण पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची छोटी केबल) पुसतात आणि समोरचं टोक विसरतात. तुम्ही चकचकीत केलेलं टोक मळक्या एसएफपीत घातलंत की मळ परत याच्यावर. पेनचं टोपण काढून तोच पेन एसएफपीच्या भोकात वापरा; तिथे आयपीए मात्र अजिबात ओतू नका. नवी कॉर्डसुद्धा पुसूनच लावा, कारण टोपीच्या आत मळ असतो. मिळाला तर फायबर स्कोप आणा. मळ पुसला जातो, ओरखडा नाही; ओरखडा दिसला तर कॉर्ड बदला.

आणि कृपा करून तोंडाने फुंकर मारू नका! जून-जुलैत एसीच्या खोलीतली गार कॉर्ड बाहेर आणली तरी तिच्यावर बाष्प धरतं, म्हणून पुसायचं काम आतच उरका.

हिरवा कनेक्टर निळ्यात घातलेला नाही ना, तेही बघा. हिरव्याचं टोक 8 अंशांनी तिरकं असतं, दोन्ही नीट भिडत नाहीत.

पुसल्यावरही आरएक्स तेवढंच दाखवत असेल, तर केबल रॅकच्या दारात चेपली आहे का किंवा झिप टायने आवळली आहे का, ते तपासा.