उजवा प्रसाद आणि अंगणातला ट्रक

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०११ साली कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी दोन ट्रक घेतले. २०१२ ला खाणी बंद, मग सुरू, २०१८ ला परत बंद. एक ट्रक पडेल भावाने विकला, दुसरा अजून अंगणात आहे. मुलगी बारावी सायन्सला, चाचणीत ७४ टक्के. तिला बी.ए. करून पर्यावरणाचं राजकारण आणि गरिबी असलं काहीतरी शिकायचंय. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद. ज्या पर्यावरणवाल्यांनी आमचं वाटोळं केलं त्यांच्याच पंगतीला बसणार! नर्सिंगसाठी ग्रामदेवाचा प्रसाद (कौल) घेतला, उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार. तिला ते सांगितलेलं नाही. दोन महिने आमच्यात बोलणं नाही, काही असलं तर तिच्या आईमार्फत. तुम्ही तिची समजूत घाला.

उत्तर : प्रसादाची थट्टा करणार नाही, आमच्याही घरी घेतात. पण गाऱ्हाणं घालताना मुलीला काय शिकायचंय ते देवाच्या कानावर घातलंत का? एकाच बाजूची हकीगत ऐकून गावचे पंचसुद्धा निकाल देत नाहीत. आणि निरोपे किती नेमाल? आधी तिची आई, मग देव, आता मी. एका छपराखाली राहणारे बाप-लेक दोन महिने समोरासमोर बोलत नाहीत, याचा मला तिच्या टक्क्यांपेक्षा जास्त घोर लागला. समजूत घालण्याचं काम मी घेत नाही.

तुमचा राग मात्र खोटा नाही. गोव्यातल्या खाणींबद्दलच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खनिज काढण्यावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. खाणकंपन्यांच्या कामगारांना बंदीकाळातलं अर्धं मूळ वेतन आणि महागाई भत्ता द्या, असंही सांगितलं. तुम्ही कुणाच्या पटावर होता? कुणाच्याच नाही. ट्रक तुमचा, हप्ता तुमचा, फक्त माल दुसऱ्याचा. खाण चालू होती तेव्हा तुम्ही ‘मालक’ होता, बंद पडली तेव्हा कामगारसुद्धा नव्हता. ही फट कशी पडली, कुणी ठेवली, हाच तर तुमच्या मुलीचा विषय आहे. ती तुमच्या शत्रूच्या पंगतीला निघालेली नाही, तुमच्या अंगणातल्या ट्रकचं कोडं सोडवायला निघालीय. तिला ते अजून माहीत नसेल, एवढंच.

आता तुमचा एक गैरसमज. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद, गरिबाला तो परवडत नाही, असं तुम्हाला वाटतं. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं की दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का. त्या वाक्याचा आधार घेऊन पुष्कळांनी आपली पोळी भाजून घेतली. पण इंदिराजींचा रोख होता तो हा की जंगलाजवळच्या माणसाला रोजगार दिल्याशिवाय जंगल राखा म्हणून सांगता येत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साईटची खाण व्हायची होती. २०१३ मध्ये न्यायालयानं ग्रामसभांना विचारायला लावलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तिथले ते डोंगरिया कोंध आदिवासी काही सुट्टीत हवापालट करायला आलेले नव्हते. लांब कशाला, खाणपट्ट्यात ज्याच्या शेतात पावसात डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ ढिगाऱ्याची, माती उतरली तोही तुमच्याच वाड्यावरचा. एकाचा हप्ता थकला, दुसऱ्याचं शेत गेलं, आणि दोघं एकमेकांचे वैरी झाले. (यात फायदा कुणाचा झाला, ते तुम्हीच तिला विचारा.)

मार्ग सरळ आहे: अर्थशास्त्र-राज्यशास्त्राची बी.ए. गोव्यातच होते, बाहेर जायचं तर सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच. माझं मत विचाराल तर तिनं अर्थशास्त्र घ्यावं आणि संख्याशास्त्र टाळू नये. नुसत्या कळवळ्यावर नोकरी मिळत नाही. सुरुवातीची वर्षं कंत्राटी कामाची आणि बेताच्या पगाराची असतील, हे तिनं आत्ताच ऐकून ठेवावं. पण काम आहे. २०१५ पासूनच्या कायद्यानं जुन्या लीजवाल्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात घेणाऱ्यांना १० टक्के रक्कम जिल्हा खनिज निधीत भरावी लागते. ती खाणग्रस्त गावांत कशी खर्च होते, हे कागद वाचून गावाला मराठीत-कोंकणीत समजावणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जनसुनावणीला सगळे ओरडतात, अहवाल वाचून किती जण येतात?

नर्सिंग चांगलंच आहे, ज्याला ते करायचंय त्याच्यासाठी. नाराजीनं इंजेक्शन देणारी नर्स मला भेटलेली आहे, तुम्हालाही भेटली असेल.

रविवारी कर्जाच्या हप्त्यांचं पुस्तक काढा आणि तिच्यापुढे ठेवा. निरोप नको, आईमार्फत नको. कुठल्या महिन्यात किती भरलं, कुठे थकलं, पहिला ट्रक कितीला विकला, सगळं सांगा. तिनं उलट प्रश्न विचारले तर रागावू नका. प्रसाद घेतल्याचंही त्याच बैठकीत सांगून टाका. नंतर दोघं मिळून माझ्याकडे या, आणि ते पुस्तक बरोबर आणा.