वाचकांचे प्रश्न : आशा धरायची ती कशाच्या बळावर?

युद्ध, हाव आणि विषमता यांच्यापुढे न्याय्य जगाची आशा कशी टिकवायची, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एकीकडे शहरांवर बॉम्ब पडताहेत, दुसरीकडे शस्त्रं विकणाऱ्यांची चंगळ चालली आहे. अशा वेळी 'जग सुधारेल' म्हणणं ही स्वतःची फसवणूक नाही का?

जग आपोआप सुधारेल असं म्हणत असाल, तर फसवणूकच आहे. २०२४ मध्ये जगाने लष्करावर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि तोवर हा खर्च सलग दहा वर्षं वाढत आला होता. त्याकडे डोळेझाक करून धरलेली आशा पहिल्याच वाईट बातमीला कोलमडते.

पण 'जग सुधारतंय का' आणि 'जग सुधारता येतं का' हे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर रोज बदलतं, दुसऱ्याचं मात्र नोंदलेलं आहे. १९९० मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ९३ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत. २०२२ मध्ये हा आकडा ३७ होता. तरीही त्या एका वर्षात सुमारे ४९ लाख मुलं गेली, हे विसरून चालणार नाही.

ही घट कशी झाली, त्याचा एक तुकडा जवळून पाहा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला रुग्णांना खाटा पुरेनात, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या हिशेबाने कोलकात्यात पुड्या भरून घेतल्या, छावणीत पिंपांत कालवल्या आणि नातेवाइकांनाच रुग्णाला कपाने पाजायला सांगितलं. शंभर रुग्णांमागे वीस ते तीस मृत्यू होत होते, ते चारच्या आत आले. (आजच्या ओआरएसच्या पाकिटातलं प्रमाण वेगळं आहे. वरचं मिश्रण घरी करू नका, पाकीटच वापरा.)

ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. साध्या माणसाच्या हाती उपचार सोपवायचा कसा, या शंकेपाशी घोडं अडलं होतं. निकाल समोर आल्यावरही सगळ्या डॉक्टरांनी लगेच मान डोलावली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला तो १९७८ मध्ये. त्या मिश्रणाने युद्ध थांबलं नाही, थांबणारही नव्हतं. पण युद्ध चालू असतानाच ते पाजलं गेलं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : जिथे उपाय माहीत आहे पण तो पोचलेला नाही, अशी एक जागा शोधा आणि तिथे काम धरा. सबंध जगाबद्दल एकदम आशावादी होण्याची गरज नाही.

प्रश्न : युद्धाच्या बातम्या पाहिल्या की झोप उडते, न पाहिल्या तर अपराधी वाटतं. मध्यममार्ग काय?

२०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतरच्या काही आठवड्यांतली एक पाहणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्फोटानंतरचा आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तीच दृश्यं पुन्हापुन्हा पाहिली की शरीर धोक्याच्या तयारीत राहतं, पण करण्यासारखं समोर काहीच नसतं.

दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं पुरे. झोपण्याआधीचा तास आणि उठल्यानंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा. चित्रफितींपेक्षा लिखित बातमी बरी, कारण वाचताना वेग तुमच्या हातात असतो आणि दृश्य आपोआप पुढे सरकत नाही. फोनवरच्या सूचना बंद करा. वाचून झालं की वहीत तीन गोष्टी टिपा : निर्णय कोणाच्या हातात आहे, तो कधी व्हायचा आहे, त्याआधी कोणाला काय कळवता येईल. तिन्ही रकाने कोरे राहिले, तर त्या बातमीला त्या दिवशी आणखी वेळ देऊ नका.

बातम्या पूर्ण सोडायचा निश्चय सहसा टिकत नाही. चार दिवसांनी माणूस अपराधी भावनेने परततो आणि रात्रभर पाहत बसतो. झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. तिथे वहीचा उपयोग नाही.

प्रश्न : मोठ्या कंपन्यांच्या हावेपुढे एका ग्राहकाच्या बहिष्काराने काय होणार?

एकट्याच्या, कोणाला न कळवलेल्या बहिष्काराने काही होत नाही. खप कशामुळे घटला हे कंपनीला कळलं नाही, तर ती तो हंगामाच्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या नावावर टाकते.

चाललेला बहिष्कार कसा असतो ते पाहा. गरीब देशांत बाळांसाठीच्या दूधभुकटीचा आक्रमक प्रचार होत होता. आया ती अस्वच्छ पाण्यात, पुरावी म्हणून पातळ कालवत. बाळांना जुलाब लागत, कुपोषण होई. जुलै १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. बाजारात अशा इतर कंपन्याही होत्या, पण रोख मुद्दाम एकीवर ठेवला. मागणी प्रचाराच्या ठरावीक पद्धती थांबवण्यापुरती होती, त्यामुळे ती मान्य झाली की नाही हे तपासता येत होतं. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली : बाजूने ११८ मतं, विरोधात एकट्या अमेरिकेचं. १९८४ मध्ये कंपनीने संहिता पाळायचं मान्य केल्यावर बहिष्कार उठला आणि ती पाळली जात नसल्याच्या आरोपावरून १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे जिंकल्यानंतरही कोणीतरी पहारा देत होतं.

तुम्ही सुरू करणार असाल, तर आरोप किमान दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळा. चुकीच्या आरोपाने तुमचा शब्द कायमचा हलका होतो, कायद्याची अडचण येते ती वेगळीच. मग कंपनीला पत्र लिहा : कोणतं उत्पादन, कोणतं वर्तन, नेमका कोणता बदल हवा, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत. तीस दिवस द्या. उत्तर आलं नाही तरच सुरू करा, लोकांना पर्याय सुचवा आणि किती जण सामील झाले ते दर महिन्याला कंपनीला कळवत राहा. बहिष्कार कधी उठेल हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. पन्नास नावांच्या याद्या फिरतात त्या बहुधा वाया जातात. खरेदीच्या वेळी कोणाला त्या आठवत नाहीत.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय करार म्हणजे शेवटी कागदच ना? बलाढ्य देश वाटेल तेव्हा मोडतात.

काही करार कागदच राहतात, आणि का राहतात ते मसुदा वाचूनच बऱ्याचदा कळतं. माप काय, तारीख कोणती, तपासणार कोण, पैसे कोण देणार आणि मोडला तर काय, हे त्यात शोधा.

ओझोनच्या थराला वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारात हे सगळं आहे. कोणता वायू कोणत्या वर्षापर्यंत किती टक्के कमी करायचा याचं वेळापत्रक, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत, बाहेर राहणाऱ्या देशांशी त्या वायूंच्या व्यापाराला बंदी, आणि पुढे १९९० मध्ये ठरलेला निधी. संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश त्यात आले. फसवणूक झाली नाही असं नाही. बंदी असलेल्या सीएफसी-११ या वायूचं हवेतलं प्रमाण अपेक्षेइतकं घटत नसल्याचं २०१८ मध्ये मोजमापांतून उघड झालं. २०१९ मध्ये वाढलेल्या उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधला असल्याचं दिसलं आणि त्यानंतर उत्सर्जन पुन्हा घटलं. मोजणारी केंद्रं चालू होती म्हणून चोरी पकडली गेली.

भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या करारातही मुदती आहेत : साठा चार वर्षांत नष्ट करायचा, पेरलेले सुरुंग दहा वर्षांत काढायचे. सुरुंग काढण्यासाठी मुदतवाढ मिळते, पण ती मागावी लागते, कारणं द्यावी लागतात. मोझांबिकने २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. आणि २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीने या करारातून अंग काढून घ्यायचं ठरवलं. ही मोठी पीछेहाट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र मोझांबिकच्या ज्या शेतातून सुरुंग निघाले, तिथे आजही पेरणी करता येते.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण शांतता आणि निर्वासितांच्या हक्कांसाठी एकत्र येतो, पण दोन-तीन महिन्यांत गट विरतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा मागणी चुकते. तुमच्या मागणीवर एखादा नेमका अधिकारी 'मंजूर' असं लिहून सही करू शकेल का, हे पाहा. 'युद्ध थांबवा' यावर तुमच्या ओळखीचं कोणीच सही करू शकत नाही. 'निर्वासित मुलांना जन्मदाखल्याशिवाय शाळेत प्रवेश द्या' यावर कोणीतरी नक्की करू शकतं.

पत्र एका पानाचं असावं. मागणी पहिल्या परिच्छेदात, खाली दोन पुरावे, शेवटी लेखी उत्तरासाठी तारीख. पोच घ्या. पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, तिसाव्या दिवशी दोघांनी प्रत्यक्ष भेट, त्यानंतर लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्र. आधीच वृत्तपत्रात गेलात तर अधिकारी बचावात शिरतो आणि 'हो' म्हणणं त्याला अवघड होतं.

बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. पाठपुरावा, टिपणं आणि हिशेब ही कामं तीन वेगवेगळ्या माणसांकडे द्या आणि दर तीन महिन्यांनी बदला. सगळं एकाच उत्साही माणसावर पडलं की तो थकतो, आणि तो थकला की गट संपतो. दर तिमाहीत एका-दोघांना उघडपणे सुट्टी द्या. नाहीतर माणसं न सांगता गळतात आणि लाजेने परत येत नाहीत. नवा विषय फक्त तिमाही बैठकीत घ्यायचा, असा नियम करा. रोज नवं संकट येतं, आणि दर वेळी वळणाऱ्या गटाचं एकही काम तडीस जात नाही. फोनवरचा गट निरोपांपुरता ठेवा, चर्चा समोरासमोर करा.

१९०० ते २००६ या काळातल्या ३२३ आंदोलनांच्या एका अभ्यासात निःशस्त्र आंदोलनांपैकी निम्म्याहून थोडी अधिक, तर सशस्त्रांपैकी सुमारे चौथाई यशस्वी झालेली दिसली. त्यानंतर निःशस्त्र आंदोलनांचं यश घटलं आहे. गर्दी आता झटपट जमते, पण तिच्यामागे आधी वर्षानुवर्षं बांधलेली संघटना बऱ्याचदा नसते, हे त्याचं एक कारण अभ्यासक देतात. तुमच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या टिपणांचं मोल इथे आहे.

हरल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवा. कोलंबियात अर्धशतकाच्या यादवीनंतर झालेला शांतता करार २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात निसटत्या फरकाने हरला. विरोधात ५०.२ टक्के मतं पडली. सरकारने विरोधकांच्या हरकती मागवल्या, वाटाघाटी करणारे पुन्हा बसले, मसुदा बदलला आणि २४ नोव्हेंबरला नव्या करारावर सह्या झाल्या. पुढे अंमलबजावणीत खूप उणिवा राहिल्या, अनेक माजी बंडखोर आणि कार्यकर्ते मारलेही गेले. तरी पराभवानंतरच्या त्या आठवड्यांतली रीत उचलण्यासारखी आहे : 'नाही' म्हणणाऱ्यांना नेमकं काय खटकलं ते लेखी मागवा, त्यातलं मान्य करता येण्याजोगं वेगळं काढा आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी ठरवा.