पान 112 वरच्या तीन तारखा

‘माझं वाचन फार संथ आहे. एका जाड पुस्तकाला चार-चार महिने लागतात आणि परीक्षण लिहायला बसेपर्यंत सगळ्यांचं लिहून झालेलं असतं. माझ्या बुद्धीतच काही कमी आहे का?’ या आशयाचे बोलणे समुपदेशन करताना मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यांपैकी एका गृहस्थांचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे सांगते.

गृहस्थ पन्नाशीचे, तत्त्वज्ञानाचे निष्ठावान वाचक होते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. तिच्यात डावीकडे पुस्तकांची नावे होती, मध्ये ती संपवण्याच्या तारखा होत्या आणि परीक्षणासाठी राखलेला उजवा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

‘या तारखा कोणी ठरवल्या?’

‘मीच. महिन्याला दोन पुस्तकं व्हायलाच हवीत.’

‘आणि नाही झाली तर?’

‘तर मग स्वतःला वाचक कशाला म्हणवून घ्यायचं, मॅडम?’

त्यांच्या वाक्यातला तो ‘च’ माझ्या कानाने लगेच टिपला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे आणि तिने मला हा ‘च’ ऐकायला शिकवले. ‘दोन पुस्तके वाचून झाली तर बरे’ ही इच्छा असते. ती पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो आणि पुन्हा वाचायला बसतो. ‘व्हायलाच हवीत’ हा मात्र हट्ट असतो. तो मोडला की माणूस स्वतःला नापास ठरवतो आणि हळूहळू पुस्तकच टाळू लागतो. हे गृहस्थ तर पुस्तक उघडले की आधी उरलेली पाने मोजत असत.

हे सारे त्यांना पटले, पण पुढच्या काही भेटींत फरक काही पडला नाही. तेव्हा अडलेले पुस्तकच घेऊन या, असे मी त्यांना सांगितले. पान 112 च्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तीन तारखा होत्या. पहिलीखाली ‘पटत नाही’ एवढेच लिहिलेले होते. दुसरीखाली ‘हे सिद्ध कुठे केले? पान 38 पुन्हा पाहणे’ असे होते, तर तिसरीखाली ‘स्वातंत्र्य हा शब्द पान 38 वर एका अर्थाने, येथे दुसऱ्याच’ असे.

‘इथे तीनदा अडकलो,’ ते ओशाळून म्हणाले.

मी त्या नोंदी सावकाश मोठ्याने वाचल्या आणि विचारले, ‘या दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात दिसल्या असत्या, तर त्याच्याविषयी तुमचं काय मत झालं असतं?’

ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘हा माणूस परीक्षण चांगलं लिहील.’

त्या क्षणी मलाही माझी चूक उमगली. मी त्यांचा संथपणा सुसह्य करू पाहत होते, आणि त्यांची समीक्षा तर त्या संथपणातच घडत होती. वाचनाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे की कुशल वाचकांच्या डोळ्यांच्याही सुमारे 10 ते 15 टक्के हालचाली मागे वळणाऱ्या असतात आणि मजकूर अवघड झाला की त्या वाढतात. वेग फार वाढवला की आकलन घटते, हेही अनेकदा दिसून आले आहे.

म्हणून अशा वाचकांना मी सुचवते की जेथे अडाल तेथे तारीख आणि एक वाक्य लिहा. प्रकरण संपले की पुस्तक मिटून लेखकाचे म्हणणे आठवणीतून लिहा आणि मगच पडताळा, कारण असे आठवून लिहिलेले नुसत्या पुनर्वाचनापेक्षा अधिक काळ टिकते. परीक्षण एखाद्याच युक्तिवादाचे असले तरी चालेल. मात्र किती वाचले ते स्पष्ट सांगावे आणि न वाचलेल्या भागावर निकाल देऊ नये, कारण तो लेखकावर अन्याय ठरतो. एक भेद मात्र प्रामाणिकपणे करावा लागतो: समासातल्या नोंदी वाढत असतील तर तो संथपणा आहे, आणि पुस्तक आठवडेच्या आठवडे उघडलेच जात नसेल तर बहुधा ती भीती आहे. भीतीवर वेगळे काम करावे लागते.

शेवटच्या भेटीत त्यांनी ती वही पुन्हा उघडली. मधल्या रकान्यातली तारीख खोडून तेथे ‘पान 38 ते 112’ असे लिहिलेले होते आणि उजव्या रकान्यात ‘दीड पान, लिहून पाठवले’ अशी नोंद होती. पुस्तकातली खूण तेव्हा पान 131 वर होती.