कॉमिकमधलं पात्र उक्तं (एकरकमी) विकायचं का?

प्रश्न: मी नागपूरला मनीषनगरात राहतो, खासगी शाळेत शिकवतो. माझ्या मराठी कॉमिकच्या दोन वर्षांत 6,000 प्रती खपल्या. प्रकाशक म्हणतो, सगळे हक्क कायमचे द्या आणि 9 लाख घ्या; नाहीतर अडीच लाख आगाऊ आणि 8 टक्के रॉयल्टी. 9 लाख घेऊन नोकरी सोडावी म्हणतो. महिन्याचा खर्च 35,000 आहे. शुक्रवारी सही आहे.

उत्तर: 250 रुपयांच्या प्रतीमागे तुम्हाला 20 रुपये मिळणार. अडीच लाख फिटायलाच 12,500 प्रती लागतील आणि 9 लाखांची बरोबरी व्हायला 45,000. आजच्या खपाने पंधरा वर्षं! नुसत्या पुस्तकापुरतं बोलायचं तर उक्ती रक्कम चांगलीच आहे.

गोम आहे ती ‘सगळे हक्क’ या शब्दांत. काटोल-नरखेडचा शेतकरी संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला उक्ता देतो, झाडं देत नाही. तुमच्याकडे झाडंच मागितली आहेत. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938 मध्ये त्याचे हक्क 130 डॉलरला दिले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, हलाखी आली. 1975 मध्ये, साठी उलटल्यावर, बराच बोभाटा झाला तेव्हा कुठे दोघांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर सुरू झाले. तुमचा नायक सुपरमॅन होईल असं नाही, बहुधा होणारही नाही. पण त्याच्यावर उद्या कुणी अ‍ॅनिमेशन काढलं, तर तुम्हाला दमडी मिळणार नाही.

म्हणून मराठी छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क तेवढे सात वर्षांसाठी द्या आणि 6 लाख उक्ते मागा. घासाघीस होऊन पाचावर आलं तरी चालेल. चित्रपट, अ‍ॅनिमेशन, खेळणी, अनुवाद तुमच्याकडेच राहू द्या. मुदत लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ‘कायमचे’ हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही.

नोकरी मात्र सोडू नका. 9 लाख मिळाले तरी 10 टक्के टीडीएस कापून हातात 8 लाख 10 हजार येतील, ते तेवीस महिन्यांत संपतील. (जुन्या करपद्धतीत लेखकाच्या पुस्तकांच्या रॉयल्टीवर 3 लाखांपर्यंत वजावट आहे, ती लागू पडते का, हे सीएला विचारा.) पुढचा भाग लिहायला उन्हाळ्याची सुट्टी आहेच, हवी तर महिना-दोन महिने बिनपगारी रजा मागा. आलेल्या पैशातून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 2 लाख 10 हजार, आधी एफडीत टाका.

शुक्रवारी सही आहे म्हणता. आधी मसुदा वकिलाला दाखवा. सही सोमवारवर गेली तर प्रकाशक काही पळून जात नाही.